राजपुत्र, रंगभूमी आणि मागे राहिलेली माणसे

सर एडविन आर्नल्ड हे नाव आजच्या मराठी वाचकाला फारसे परिचित असण्याचे कारण नाही. सत्तावनच्या बंडाच्या सुमारास हे गृहस्थ पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचे, म्हणजे पुढे डेक्कन कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचे, प्राचार्य होते. मायदेशी परतल्यावर ते वृत्तपत्राच्या व्यवसायात शिरले आणि १८७९ साली त्यांनी गौतम बुद्धाच्या जीवनावर ‘द लाइट ऑफ एशिया’ हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. त्या काव्याच्या आधारे बंगाली नाटककार गिरीशचंद्र घोष यांनी ‘बुद्धदेवचरित’ हे गीतांनी नटलेले नाटक रचले आणि १८८५ साली ते कलकत्त्याच्या स्टार थिएटरमध्ये रंगभूमीवर आले. त्याच हिवाळ्यात आर्नल्डसाहेब हिंदुस्थानच्या भेटीस आले होते. आपल्या काव्याचे हे देशी रूप पाहण्यासाठी ते प्रेक्षागृहात जाऊन बसले. पुढे लिहिलेल्या प्रवासवर्णनात त्यांनी विशेष नोंद केली ती प्रेक्षकांची. राजपुत्राची लांबलचक स्वगते कलकत्त्याची नागरिक मंडळी चित्त एकाग्र करून ऐकत होती, कथेतील प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगाला त्यांची दाद मिळत होती, याचे साहेबांना मोठे अप्रूप वाटले.

बुद्धाचे चरित्र गात-नाचत रंगमंचावर आणण्याची ही परंपरा कलकत्त्यात जन्मलेली नाही. ती किमान अठराशे वर्षांची आहे; आणि वाचकांस कदाचित आश्चर्य वाटेल, परंतु तिच्या वाटेतील एक मोठा पल्ला आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणातून गेला आहे. वसई-साष्टीच्या आपल्या भूमीचाही तिच्याशी संबंध आलेला आहे. त्या वाटेचा मागोवा घेताना एक प्रश्न मनाशी बाळगावा, अशी विनंती आहे. घर सोडून जाणाऱ्या राजपुत्राच्या या नाटकात, ज्यांना तो सोडून गेला त्यांना नाटककारांनी कोणती जागा दिली? माझ्यासारख्या व्रतस्थाला हा प्रश्न केवळ साहित्याचा वाटत नाही. ज्यांच्या घरातून एखादा मुलगा सेमिनरीत किंवा मुलगी कॉन्व्हेंटमध्ये गेली आहे, त्या आईवडिलांनाही तो तसा वाटणार नाही.

आरंभ करावयाचा तो अश्वघोषापासून. कुशाण राजा कनिष्काशी परंपरेने ज्याचे नाव जोडले आहे, असा हा साकेतनगरीचा कवी. सुवर्णाक्षीचा पुत्र म्हणून तो आपली ओळख देतो. त्याचे ‘बुद्धचरित’ हे महाकाव्य संस्कृताच्या अभ्यासकांना ठाऊक असते. अठ्ठावीस सर्गांपैकी निम्मेच मूळ संस्कृतात उरले आहेत. बाकीचे चिनी व तिबेटी भाषांतरांनी राखले. परंतु अश्वघोष नाटककारही होता, हे विसाव्या शतकापर्यंत कोणास ठाऊक नव्हते. मध्य आशियाच्या वाळवंटात तुर्फान मोहिमेवर गेलेल्या जर्मन संशोधकांना ताडपत्रांचे तुकडे सापडले आणि हाइनरिश ल्यूडर्स या पंडिताने १९११ साली त्यांतून ‘शारिपुत्रप्रकरण’ या नऊ अंकी नाटकाचे अवशेष ओळखले. शारिपुत्र व मौद्गल्यायन हे बुद्धाचे पट्टशिष्य संघात कसे आले, याचे ते नाटक. त्यात विदूषकही आहे! त्याच ढिगाऱ्यातील दुसऱ्या एका नाटकाच्या तुकड्यात बुद्धी, धृती आणि कीर्ती ही पात्रे एकमेकींशी बोलतात आणि तेथे स्वतः बुद्ध तेजोवलयासह अवतरतो. सद्गुणांनी माणसांसारखे रंगमंचावर येऊन संवाद करावा, ही कल्पना युरोपच्या मध्ययुगीन नीतिनाटकांतील म्हणून आपण शिकलो. ती आपल्याकडे हजार वर्षे आधी होती.

अश्वघोषाच्या आणखी एका नाट्यप्रयोगाची हकीकत चिनी बौद्ध परंपरेने सांगितली आहे. पाटलीपुत्रात त्याने राष्ट्रपालाच्या कथेवर एक संगीतक रचले. राष्ट्रपाल हा श्रीमंत घरचा एकुलता एक मुलगा. आईवडिलांनी संन्यासास अनुमती द्यावी म्हणून अन्नत्याग करणारा. स्वतः अश्वघोष शुभ्र वस्त्रे नेसून वादकांच्या मेळ्यात उभा राहिला, घंटा वाजल्या, मृदंगावर थाप पडली, करुण स्वर उमटले. आणि ते ऐकून नगरातील पाचशे राजपुत्र एकाच वेळी विरक्त होऊन घराबाहेर पडले. राजा घाबरला. असेच चालले तर नगर ओस पडेल, या भयाने त्याने तो प्रयोग बंद पाडला.

पाचशे हा आकडा दंतकथेचा आहे, हे उघड आहे. राजाची भीती मात्र मला दंतकथेतील वाटत नाही. आपल्या काळातील नाटकांवर अनेक कारणांनी बंदी आली, पण प्रेक्षक साधू होतील या कारणाने एखादा प्रयोग थांबविल्याचे ऐकिवात नाही. नाटककारांनी यावर विचार करावा.

पुढे सातव्या शतकात हर्षवर्धनाने ‘नागानंद’ लिहिले. एका नागाचा जीव वाचविण्यासाठी गरुडाच्या पुढ्यात स्वतः आडवा पडणाऱ्या जीमूतवाहन या बोधिसत्त्वाचे हे पाच अंकी नाटक. ६७१ साली चीनहून निघालेला आणि नालंदेत दीर्घकाळ राहिलेला यात्रेकरू इ-त्सिंग याने लिहून ठेवले आहे की, राजा शीलादित्याने ही कथा पद्यबद्ध केली, तिला संगीत दिले आणि नृत्य-अभिनयासह तिचे प्रयोग करवून ती लोकप्रिय केली. शीलादित्य म्हणजेच हर्ष. राजाने प्रेक्षकांची नाडी ओळखली होती. पहिले तीन अंक मलयवतीशी प्रेम आणि विवाह, आत्मबलिदान त्यानंतर. आणि अखेरीस गौरी प्रकट होऊन मेलेल्या नायकाला उठविते. बुद्धाच्या वंदनाने सुरू झालेले नाटक देवीच्या कृपेने संपते. तिबेटातही आपल्या ‘वेस्संतर’ जातकाची कथा ‘अचे ल्हामो’ या गायननाट्यात उतरली. लोखंडी साखळ्यांचे पूल बांधणाऱ्या थांगतोंग ग्याल्पो या साधूकडे त्या नाट्यप्रकाराचे जनकत्व दिले जाते. सर्वस्वाचे दान करणारा तो राजपुत्र अखेर स्वतःची मुलेबाळेही देऊन टाकतो. तेथे दानाचा महिमा मोठा आहे खरा. पण त्या मुलांचे रडणेही कथेने झाकून ठेवलेले नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळू. सेमिनरीच्या ग्रंथालयात जुने लॅटिन संतस्मरण-ग्रंथ असत. वर्षातील प्रत्येक दिवशी कोणकोणत्या संतांचे स्मरण करावयाचे याची ती अधिकृत यादी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कार्डिनल बारोनियस यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या या रोमन यादीत २७ नोव्हेंबर या तारखेला, पर्शियाच्या सीमेलगतच्या हिंदुस्थानातील संत म्हणून दोन नावे आहेत: बार्लाम आणि योसाफात. त्यांची कथा युरोपभर प्रसिद्ध होती. अबेन्नेर नावाचा हिंदुस्थानचा एक मूर्तिपूजक राजा ख्रिस्ती लोकांचा छळ करीत असतो. त्याला पुत्र होतो. हा मुलगा ख्रिस्ती होईल, असे भाकीत एक ज्योतिषी करतो. राजा मुलाला एका सुंदर वाड्यात कोंडतो. म्हातारपण, आजार, मृत्यू यांतले काहीही त्याच्या दृष्टीस पडू नये अशी तजवीज करतो. तरी एके दिवशी बाहेर पडलेल्या राजपुत्राला एक रोगजर्जर मनुष्य आणि एक आंधळा दिसतो. पुढे एक जख्ख म्हातारा दिसतो. हे सर्वांनाच भोगावे लागते का, असे तो विचारतो आणि उत्तर ऐकून व्याकूळ होतो. मग बार्लाम हा तपस्वी रत्नांचा व्यापारी बनून वाड्यात शिरतो आणि राजपुत्राला सुवार्तेचे रत्न दाखवितो.

वाचकांनी ओळखले असेलच. हा शुद्धोदनाचा पुत्र आहे.

नावाचा प्रवास पाहिला तर शंकेला जागा उरत नाही. बोधिसत्त्व या शब्दाचे अरबीत ‘बूदासफ’ झाले. अरबी लिपीत एका टिंबाच्या फरकाने ‘ब’चा ‘य’ होतो, तसे ‘यूदासफ’ झाले. जॉर्जियन ख्रिस्ती साधूंनी नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास ‘इओदासफ’ केले. ग्रीकात ‘इओआसाफ’ आणि लॅटिनमध्ये ‘योसाफात’. त्या अरबी ग्रंथाची एक शिळाछाप आवृत्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या मुंबईतच निघाली होती. ग्रीक ग्रंथाचे कर्तृत्व शतकानुशतके दमास्कसच्या संत योहानाकडे दिले जाई. आज अभ्यासक ते अथोस पर्वतावरील जॉर्जियन मठाधिपती युथिमियस, मृत्यू १०२८, याच्याकडे देतात. १०४८ साली लॅटिन भाषांतर झाले आणि मग या कथेला पाय फुटले. तिच्यातील पेट्यांचा दृष्टांत शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्यापर्यंत गेला. विहिरीत लोंबकळणारा मनुष्य, खाली अजगर, वर मुळे कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर, आणि तरी मधाच्या थेंबासाठी पसरलेली जीभ, हा महाभारतात विदुराने धृतराष्ट्राला सांगितलेला दृष्टांत इटलीतील पार्मा येथील बाप्तिस्मागृहाच्या दारावर दगडात कोरला गेला. १५७१ साली व्हेनिसच्या प्रमुखाने पोर्तुगालचा राजा सेबास्तियन याला संत योसाफाताचे म्हणून एक अस्थिअवशेष भेट दिले. वसईचा किल्ला तेव्हा याच सेबास्तियनच्या अमलाखाली होता. आणि १५९१ साली येशूसंघीयांनी जपानात छापलेल्या संतचरित्रांत ही कथा जपानीत घातली; ज्या देशात मंदिरामंदिरांत बुद्ध बसला होता, त्या देशाला बुद्धाचीच कथा ख्रिस्ती संताची म्हणून ऐकविली गेली. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते आणि ऐकणाऱ्यालाही.

या दीर्घ प्रवासात काय हरवले? एक पत्नी आणि एक तान्हे मूल. अश्वघोषाने ‘बुद्धचरिता’चा आठवा सर्ग अंतःपुरातील विलापाला दिला आहे. छंदक हा सारथी रिकामा घोडा घेऊन परततो आणि यशोधरा त्याला, घोड्याला, नशिबाला आणि पतीलाही जाब विचारते. कवीने तिला आवरलेले नाही. बार्लाम-योसाफाताच्या कथेत यशोधरा नाही आणि राहुलही नाही. साधूंच्या हातून लिहिली गेलेली ही कथा. योसाफात आजन्म ब्रह्मचारी असणे त्यांना आवश्यक वाटले. स्त्री येते ती केवळ मोह म्हणून: थ्यूदास नावाच्या मांत्रिकाच्या सल्ल्याने राजा मुलाच्या वाड्यात सुंदर दासी पाठवितो आणि त्यांतील एक राजकन्या त्याला जवळजवळ जिंकते. आई जन्म देण्यापुरती. मात्र दुःखाला पूर्णपणे गाळता येत नाही, ते कोठून तरी पाझरतेच. पित्याच्या मृत्यूनंतर योसाफात रातोरात पत्र लिहून ठेवून निघून जातो, तेव्हा प्रजा शोध घेत त्याच्या मागे धावते, त्याला परत आणते आणि रडते. यशोधरेचे अश्रू ग्रीक लेखकाने नगरवासीयांना वाटून दिले, असे मला ते प्रकरण वाचताना वाटते.

ख्रिस्ती युरोपने ही कथा रंगमंचावर आणली नसती तरच नवल. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये पवित्र मरियेच्या चमत्कारनाट्यांत ती आहे. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या बेर्नार्दो पुल्चीने तिचे भक्तिनाट्य केले. स्पेनच्या लोपे दे वेगाने १६११ साली ‘बार्लान आणि योसाफात’ लिहिले, आणि काल्देरोनच्या जगप्रसिद्ध ‘जीवन हे स्वप्न’ या नाटकातील बुरुजात कोंडलेला राजपुत्रही याच घराण्यातला मानतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तो जर्मन येशूसंघीय धर्मगुरू याकोब बिडरमान. १५७८ ते १६३९ हा त्याचा जीवनकाळ. येशूसंघीय विद्यालयांत विद्यार्थ्यांनी लॅटिन नाटके बसविण्याची प्रथा होती. अंकांच्या मध्ये गायकवृंदाची पदे असत आणि गावचा सरदार व कसायाचा पोरगा शेजारी बसून ती पाहत. १६१९ साली बिडरमानचे ‘योसाफातुस’ रंगभूमीवर आले. बोधिसत्त्व लॅटिन बोलू लागला.

याच बिडरमानच्या दुसऱ्या एका नाटकाची हकीकत वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो होतो. ‘केनोडोक्सुस’ हे त्याचे नाव. पुण्यशील म्हणून मिरविणाऱ्या पॅरिसच्या एका गर्विष्ठ विद्वानाची अधोगती हा विषय. १६०९ साली म्युनिकमध्ये त्याचा प्रयोग झाला. आरंभी लोक इतके हसले की बाके मोडतील असे वाटले. हळूहळू हसू थांबले, आणि शेवटच्या न्यायनिवाड्याच्या वेळी सभागृह थरथरत होते. प्रयोगानंतर दरबारातील चौदा प्रतिष्ठित गृहस्थ संत इग्नेशियसची आध्यात्मिक साधना करण्यासाठी एकांतात गेले. मुख्य भूमिका करणारा नट पुढे येशूसंघात दाखल झाला. ही नोंद १६६६ साली छापलेल्या बिडरमानच्या नाटकसंग्रहाच्या प्रस्तावनेत आहे. पाटलीपुत्रात पाचशे, म्युनिकमध्ये चौदा. दुसरा आकडा लहान आहे म्हणूनच त्यावर अधिक विश्वास बसतो. बिडरमानला अश्वघोषाचे नावही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याच्या योसाफाताचे मूळ चरित्र त्या कवीनेच गायिले होते, हे तर नाहीच नाही.

असे कोणाला काहीच कळले नव्हते काय? कळले होते, आणि ते आपल्याकडेच. गोव्यातील पोर्तुगीज दप्तरखान्याचा प्रमुख आणि इतिहासकार दियोगो दो कोउतो, मृत्यू १६१६, याने आपल्या इतिहासाच्या पाचव्या दशकात बुद्धाचे चरित्र सांगितले आहे. सांगता सांगता तो थबकतो आणि म्हणतो की संत योसाफाताच्या कथेत व या कथेत तपशीलही तेच आहेत; मग एक आठवण देतो. वसईच्या हद्दीतील साष्टी बेटावर फिरत असताना तो कान्हेरीची लेणी पाहावयास गेला होता. एकाच कातळात खोदलेली ती शेकडो दालने पाहून त्याने तेथील एका अतिवृद्ध गृहस्थाला विचारले, हे कोणी केले? म्हाताऱ्याने निःशंकपणे सांगितले की संत योसाफाताच्या बापाने, मुलाला जगापासून दूर ठेवण्यासाठी. कोउतोने यावरून तर्क केला: योसाफात हाच तो ‘बुदाओ’ असावा.

बोरीवलीच्या जंगलात सहलीला गेलेल्या आपल्या किती तरुणांनी त्या पायऱ्यांवर बसून डबे खाल्ले असतील! योसाफाताचे नाव त्या वृद्धाच्या कानी फादरांच्या प्रवचनातून पडले असावे, असा माझा तर्क आहे. लेणी बौद्ध भिक्षूंची, हे गावाची स्मृती विसरली होती. पण राजवाडा, कोंडलेला मुलगा आणि बापाची माया ऐकताच त्याने ती कथा समोरच्या डोंगरात नेऊन बसविली. अजाणता तो बरोबर पत्त्यावर पोहोचला. युरोपच्या पंडितांना तेथवर येण्यास आणखी अडीच शतके लागली: १८५९ साली फ्रान्सचा लाबुले आणि १८६० साली जर्मनीचा लीब्रेख्त यांनी दोन्ही कथा शेजारी ठेवून हे सप्रमाण दाखविले.

तेव्हापासून ख्रिस्तसभेची थट्टा करण्याची संधी टीकाकारांनी सोडलेली नाही. बुद्धाला संत करून बसले, असे ते म्हणतात. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. योसाफाताला रीतसर चौकशी करून कोणत्याही पोपमहोदयांनी संतपद दिलेले नव्हते. लोकांच्या भक्तीतून आलेले नाव यादीत शिरले, आणि २००१ सालच्या सुधारित रोमन यादीत ते नाही. दुसरीकडे, काही उत्साही मंडळी यावरून दोन्ही धर्म एकच असल्याचा निष्कर्ष काढतात, तोही मला मान्य नाही. योसाफात कोणाच्या तरी हाकेला ओ देऊन निघतो. सिद्धार्थ स्वतःच्या प्रज्ञेच्या बळावर निघतो. ग्रीक कथेत राजसभेपुढे ख्रिस्ती धर्माचे जे समर्थन केले जाते, ते तर दुसऱ्या शतकातील अरिस्तिदेस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचे हरवलेले पुस्तक निघाले; १८८९ साली सिनाई पर्वतावरील मठात त्याचे सीरियाई भाषांतर सापडले तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. म्हणजे सांगाडा बौद्ध आणि प्राण ख्रिस्ती. दुसऱ्याच्या घरची गोष्ट आपण इतक्या प्रेमाने सांभाळली की ती दुसऱ्याची आहे हेच विसरलो. यात लाज वाटण्याजोगे मला काही दिसत नाही. पण ज्यांच्या घरची ती होती त्यांचे ऋण मान्य करावे, इतके सौजन्य असावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या आपल्या घोषणापत्रात बौद्ध धर्माचा आदराने उल्लेख केला, तेव्हा हे ऋण फार जुने होते.

एकोणिसाव्या शतकातील युरोपचा मोठा संगीत-नाटककार रिचर्ड वॅग्नर यालाही या विषयाने झपाटले होते. १८५६ साली त्याने ‘विजेते’ या नावाचा आराखडा लिहिला: बुद्धाचा शिष्य आनंद आणि त्याच्यावर अनुरक्त झालेली चांडाळकन्या प्रकृती. पण दोन वर्षांनी त्याने आपली अडचण लिहून ठेवली. ज्याचे सर्व विकार शमले आहेत अशा बुद्धाला संगीतात आणावयाचे कसे? विकाराशिवाय सूर कशाचा? अखेर प्रकृतीला संघात घेण्याच्या निर्णयातच बुद्धाला स्वतःच्या पूर्णतेची शेवटची पायरी गवसते, अशी तोड त्याने काढली. नाटक मात्र कधी पुरे झाले नाही. तरी एक गोष्ट त्याने ओळखली होती: या कथेचे नाट्य बाहेर राहिलेल्या स्त्रीपाशी आहे.

आणि आता गोव्याचे धर्मानंद कोसंबी. १८७६ साली सांखवाळ येथे जन्मलेल्या या माणसाने ‘बालबोध’ मासिकातील बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. १८९९ साली पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून तो घराबाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ करीत सिलोनला पोहोचला व १९०२ साली तेथे श्रामणेर झाला. पाचशेएकावा राजपुत्र म्हणावे, तर हा शेतीवाडीत रखडलेला गोमंतकीय गृहस्थ होता. पण धर्मानंदांची थोरवी अशी की, ज्या कथेने त्यांना घराबाहेर काढले तिच्याकडेच त्यांनी पुढे विद्वानाच्या निष्ठुर नजरेने पाहिले. ‘भगवान बुद्ध’ या १९४० सालच्या ग्रंथात त्यांनी दाखविले की म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची गोष्ट मूळच्या पाली वाङ्मयात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी आहे, ती मागाहून गौतमाला चिकटली. गौतम स्वतः एका सुत्तात सांगतो की, आईवडील रडत असताना मी केस-दाढी उतरवून घर सोडले. मग मध्यरात्री गुपचूप पळून जाण्याचा प्रसंग टिकतो कसा? कोसंबींच्या मते खरे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय या नात्यातल्याच दोन कुळांत पेटलेला कलह हे होते. शस्त्र उचलणे सिद्धार्थाला असह्य झाले. हा विचार लोकांपर्यंत न्यावा म्हणून या पाली पंडिताने चक्क एक मराठी नाटक लिहिले, ‘बोधिसत्त्व’. अश्वघोषापासून बिडरमानपर्यंत सर्वांनी ज्या राजवाड्याच्या दारावर नाटक उभारले, ते दारच कोसंबींनी काढून टाकले आणि त्या जागी पाण्याचे भांडण आणून ठेवले. रंगभूमीला हे मानवणे कठीण. म्हाताऱ्याला पाहून थबकलेला राजपुत्र क्षणात डोळ्यांत भरतो, पाणीवाटपाची सभा तशी भरत नाही. नाटक म्हणून जुनी कथाच सरस आहे, असे माझे मत आहे. पण ज्याने बाळाबाईला सोडले होते आणि काही वर्षांनी तिच्यासह पुन्हा संसार मांडला होता, त्याला ते गुपचूप निघून जाणे खोटे वाटावे, यामागे केवळ पाली व्याकरण नसावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या महानिर्वाणानंतर, प्रकाशित झालेल्या ग्रंथात हाच रोहिणीचा कलह आहे. शिवाय तेथे सिद्धार्थ घरी येऊन यशोधरेला सर्व सांगतो. ती कोसळत नाही. त्याच्या जागी आपणही हाच निर्णय घेतला असता, असे ती म्हणते आणि राहुलाची जबाबदारी स्वतःवर घेऊन त्याला निरोप देते. महाराष्ट्रातील जलशांची आणि गायन पार्ट्यांची परंपरा १९५६ च्या धर्मांतरानंतर बुद्धाचे चरित्र गाऊ लागली. ती ऐकणाऱ्या घरांत ही यशोधरा पोहोचली आहे. शेजारच्या वस्तीत बुद्धपौर्णिमेच्या रात्री ध्वनिक्षेपकावरून जी गाणी ऐकू येतात, ती कधी लक्ष देऊन ऐकावीत.

आपल्या धर्मग्रामांतील नाट्यमंडळे ख्रिस्तपुराणापासून संत फ्रान्सिसपर्यंत सर्व विषय हाताळतात. २७ नोव्हेंबर ही तारीख आगमनकाळाच्या तोंडावरच येते. एखाद्या मंडळाने बार्लाम-योसाफाताचे संगीत नाटक बसवावयास घेतले, तर शेजारच्या बौद्ध बांधवांनाही पहिल्या रांगेत बसवून दाखविता येईल. ताडपत्रातील विदूषक घ्यावा, बिडरमानप्रमाणे अंकांमध्ये पदे घालावीत, पडद्यावर कान्हेरीचा डोंगर रंगवावा. एका स्त्रीची भूमिका मात्र लेखकाला नव्याने लिहावी लागेल, कारण आपल्याकडे आलेल्या ग्रीक पोथीत ती नाही.